लोखंडबाई आणि ढवळायचं कांडकं

"बाई, आता तरी हसा," सर म्हणाले. लोखंडबाईंनी हसून दाखवलं, पण डोळे काचेच्या चंबूवरच होते.

हे नाव त्यांना प्रयोगशाळेनं दिलेलं. औषधांचे रेणू जोडायला जे महागडं, दुर्मिळ पॅलेडियम लागतं, त्याचं काम साध्या लोखंडाकडून करून घ्यायचा त्यांनी ध्यास घेतला होता. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली, पण लोखंड ढिम्म. नवरा म्हणायचा, एवढा जीव माझ्यावर लावला असतास तर मीही काहीतरी करून दाखवलं असतं. आणि आता अचानक रेणू भराभर जुळू लागले होते. सरांनी दुसऱ्या दिवशी बाईंचं व्याख्यान ठेवलं. सूनबाईनं लोखंडाचं सोनं केल्याचं सासूबाईंनी नात्यागोत्यात कळवूनही टाकलं.

बाई मात्र मुलखाच्या संशयी. संध्याकाळी त्यांनी चंबूत लोखंड घातलंच नाही. तरी रेणू जुळले. मग त्यांनी चंबूत गरगर फिरून द्रावण ढवळणारं चुंबकाचं कांडकं बदललं. आता लोखंड घालूनही काही होईना. जुन्या कांडक्याचं पांढरं आवरण काळवंडलं होतं. पूर्वी कुणीतरी ते पॅलेडियमच्या प्रयोगात वापरलेलं, आणि त्याचे कण त्यात मुरून बसलेले. राबलं पॅलेडियम, नाव लोखंडाचं.

हे ऐकून सर हळूच म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

"सर, कुणी नवं कांडकं घातलं की ती उघडणारच. त्यापेक्षा मीच उघडते."

व्याख्यानात त्यांनी सगळं सांगून टाकलं. सभागृह खो खो हसलं. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते पॅलेडियमचं काम तांब्याकडून करून घेण्यात नुकतंच यश मिळवलेले शेजारच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. शरमेनं बाईंचे कान तापले.

मग प्रमुख हसायचे थांबले. "कांडकं धुतलं नव्हतं का?"

"आम्लानंसुद्धा धुतलं. जात नाही."

प्रमुखांना एकदम काम आठवलं. त्यांच्यामागून निकेलवाले उठले. कोबाल्टवाल्या बाई तर पर्स विसरून पळाल्या. पाहता पाहता सभागृहात फक्त सर आणि लोखंडबाई उरल्या.

"पुढे बोला," सर म्हणाले.

"संपलं, सर."

म्हटल्यावरच त्यांना ते खरं वाटलं. त्या पुढच्या खुर्चीत बसल्या आणि पोटभर रडल्या. सरांनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला आणि बाईंचं रडून होईपर्यंत ते शेजारी बसून राहिले.