गाडी कोण चालवत होतं

गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आशाबाई वर्षभर घरोघर फिरली. मतदानात बायांनी दारूबंदीच्या चिन्हावर, आडव्या बाटलीवर शिक्के मारले आणि दुकानाचं शटर पडलं. त्या दिवशी शेजारची पौर्णिमा तिच्या गळ्यात पडून रडली. दोघींचेही नवरे पिणारे.

आठवडाभरातच आशाबाईचा नवरा शेषराव मोटरसायकलवर फाट्यावरच्या बारकडे जाऊ लागला. मागे पौर्णिमाचा नवरा अमोल. त्याला सायकलीपलीकडे काही चालवता येत नव्हतं. आशाबाईने किल्ली लपवली, तर शेषरावाने वायर जोडून गाडी सुरू केली. ती ठाण्यात गेली. तिथे कळलं, बारला परवाना आहे आणि फाटा दुसऱ्या गावच्या हद्दीत येतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका संध्याकाळी बारवरून परतताना गाडी रस्त्यावर उभ्या ट्रॉलीला मागून धडकली. अमोल जागीच गेला. शेषरावाचा पाय मोडला.

अकोल्याच्या दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले.

"अमोल चालवून राहिला होता," शेषराव म्हणाला. "मी मांगं बसलो होतो."

आशाबाईच्या हातातला चहा तसाच राहिला. पलंगाच्या त्या बाजूने सासूने तिच्याकडे असं पाहिलं, की ओठावर आलेलं तिने गिळलं. पोलीस निघून गेल्यावर तिला स्वतःचीच चीड आली.

गावात परतल्यावर ती जानरावांकडे गेली. मोठं माणूस, पंचायतीत शब्दाला वजन. त्यांनी दोघांना जाताना रोज पाहिलेलं.

"काका, अमोलभाऊले गाडी येत नव्हती, हे अख्ख्या गावाले माहीत हाये. तुमी सांगा ना ठाण्यात."

"मेला तो मेला, पोरी. जित्या माणसाले कायले अडकवतं?" जानराव सुपारी कातरत म्हणाले. "आन् खरं सांगू? दुकान गावात असतं तं दोघंबी पायी घरी आले असते."

विहिरीवर, चक्कीवर, सगळीकडे तिला हेच ऐकू येऊ लागलं. बाटली आडवी केली आणि माणूस आडवा झाला, असं लोक तिच्या पाठीमागे म्हणत. ज्यांनी तिच्यासोबत शिक्के मारले, त्याच बाया आता मान फिरवत.

तेराव्यानंतर पौर्णिमा ओसरीत एकटी बसलेली दिसली. आशाबाई जवळ जाऊन टेकली.

"पोराले शाळेत चिडवून राहिले," पौर्णिमा तिच्याकडे न पाहता म्हणाली. "तुह्या बापानं पिऊन गाडी ठोकली म्हंतात. ताई, तुमाले तं माहीत होतं. तुमी काहून गप राहिल्या?"

आशाबाई तशीच उठली, तिने बस धरली आणि ठाण्यात जाऊन सांगितलं: अमोलला गाडी चालवता येत नव्हती, जाताना गाडी शेषरावच चालवत होता. जमादाराने दोनदा विचारलं, नवऱ्याविरुद्ध जबाब देताय, कळतं ना? ती म्हणाली, कळते.

घरी सासूने चूल वेगळी मांडली. शेषराव प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून ओरडला, "बायको हायेस का वैरीण?"

"जेवून घ्या," ती म्हणाली. तिच्यात भांडायचंही त्राण नव्हतं.

पौर्णिमाला कळलं तेव्हा ती कुंपणाशी आली. "जबाब देल्ला ते बरं केलं," एवढंच बोलली. मग म्हणाली, "पण माह्या घरी येत नका जाऊ आता. तुमाले पाहिलं का मले तो दिवस दिसते."

त्याच आठवड्यात जानरावांनी पंचायतीत विषय काढला, की गावात दुकान पुन्हा सुरू व्हावं, निदान रस्त्यावर माणसं मरणार नाहीत. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. आशाबाई बोलायला उठली, तर कोणीतरी म्हणालं, "तुमचं ऐकूनच हे झालं, बाई."

घरी आली तर शेषरावाची तब्येत पाहायला आलेले दोघे मित्र लगबगीने निघत होते. तिने गादीची कड उचलली. खाली दारूची क्वार्टर होती, अर्धी रिकामी. शेषराव भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिने बाटली मोरीत ओतली, आणि उद्या ते दोघे पुन्हा येतील तेव्हा दारात कसं अडवायचं, याचा विचार करत ती बराच वेळ मोरीपाशीच बसून राहिली.