सात नंबरचं रक्त

ग्रोनिंगेनच्या आमच्या रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत जुनी पद्धत आहे. निरोगी माणसाचं रक्त हवं असलं की बाहेर शोधत बसायचं नाही, आपल्यातल्याच कोणीतरी बाही वर करायची. नळीवर फक्त नंबर, नाव बंद पाकिटात; नंबर साहेब टाकतात.

यंदाचा अभ्यास भीतीवर होता. माणूस सतत धास्तावलेला असला की रक्त गोठायला उतावीळ होतं, आणि असं रक्त हृदयाला धोक्याचं. एकीकडे काळजीने पोखरलेले पंचवीस रुग्ण, दुसरीकडे आमच्यातली दहा शांत माणसं. प्रत्येकाने भीतीबद्दलची एक प्रश्नावली भरायची, तीही पाकिटात जायची. त्यात आमची मशीनं सांभाळणारा वुब्बो तर हवाच. कालवा फुटून पाणी दारात आलं तरी हा आधी कॉफी संपवेल, अशी त्याची ख्याती.

पण आमच्यातल्या सात नंबरने घोळ घातला. त्याचं रक्त रुग्णांपेक्षाही उतावीळ. मी मशीनला शिव्या घातल्या. वुब्बोने ते उघडून पुसलं, नमुना परत लावला. आकडा तोच.

"मशीन ठणठणीत आहे, हिल्के. तुझा सात नंबरच भित्रा आहे. साहेबच असतील बघ."

आम्ही पोट धरून हसलो. आकडा इतका वाईट की मला ते पाकीट फोडावंच लागलं. आत वुब्बोचं नाव होतं.

दहाच्या कॉफीला मी त्याच्यापुढे कागद ठेवला. त्याने वाचून घडी घातली.

"जिना चढताना छातीत दुखतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तीन महिने. भीती मात्र तीन वर्षांची. बाबा पंचावन्नाव्या वर्षी हृदयानेच गेले. येत्या गुरुवारी मला पंचावन्न होतील. रोज सकाळी खाली सायकली लावतो तिथे वीस मिनिटं उभा राहतो, मग हसत वर येतो. वाटायचं, हसत राहिलं की रक्तालाही पटेल."

"गाढवा, सांगायचं नाहीस?"

"कोणाला? तुम्ही सगळे मलाच बघून शांत होता."

मी त्याला दंडाला धरून हृदयविभागात नेलं. दोन रक्तवाहिन्या जवळपास बंद होत्या. हे एकट्या भीतीने केलं नाही, डॉक्टर म्हणाले, पण तिचा हातभार लागला असणार. त्याच संध्याकाळी त्या उघडल्या. तो वाचला.

इकडे ज्याचा वाढदिवस, त्यानेच केक आणायचा असतो. वुब्बोने आधीच सांगून ठेवलेला केक गुरुवारी बरोबर दहाला आला. कोणी कापेना. मी उगाच कामाला लागले आणि सात नंबरच्या पाकिटातली प्रश्नावली काढली. भीतीबद्दल वीस प्रश्न, आणि वीसही ठिकाणी 'कधीच नाही'वर खूण. सगळ्या खुणा माझ्या हातच्या. रक्त दिलं त्या दिवशी तो मशीनच्या दुरुस्तीत अडकला होता, आणि वुब्बोला काय विचारायचं, म्हणून मीच भरून टाकली होती. मला माझीच लाज वाटली.

कोरी प्रश्नावली आणि केकचा तुकडा घेऊन मी वॉर्डात गेले, सगळं कबूल केलं. मग पहिला प्रश्न वाचला, "गेल्या महिन्यात किती वेळा भीती वाटली?"

"रोज," वुब्बो म्हणाला. मग केकचा तुकडा बाजूला ठेवत म्हणाला, "तोंडाने जमत नव्हतं गं. कागदावर जमलं असतं. त्या दिवशी तू माझ्याकडे तो कागद घेऊन येशील, म्हणून मी वाट बघत होतो."