कोरडा रोडगा

पंजाबराव अकोल्याला कारकून झाला आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. सुट्टीत शेलूबाजारला घरी आला, की आधी दुसऱ्याच्या ताटात डोकावायचा. कोण्या डॉक्टरने त्याला तेल-तूप कमी करा म्हटलं होतं. या उंटावरच्या शहाण्याने ते साऱ्या खानदानाला लागू केलं.

त्या दिवशी त्याच्या पुतणीसाठी, अंजनासाठी, मेडशीहून मुलाचे वडील देवमनराव आणि त्यांचा भाऊ नथ्थू येणार होते. मुलगी पसंत होती. जेवून उठताना होकार द्यायचा, एवढंच बाकी होतं. आधी दोन सोयरिकी मोडल्या होत्या, म्हणून अंजनाच्या आईने, भागिरथाने, घरच्या म्हशीचं तूप पोरांनाही न देता जपलं होतं. निखाऱ्यावर भाजलेला कणकीचा रोडगा तुपाविना, कोरडाच खाऊन पाहुणा उठला, तर मुलीकडचा नकार समजतात.

पंजाबराव चुलीपाशी आला. "वहिनी, तुपाले हात लावू नका. कणकीत कोंडा मिसळा, वांगे नुसते उकडा. पचायले हलकं."

"काहून भाऊजी, पाहुणे बिमार हायेत काय?"

"तुमाले नाई समजत. तुपानं रगत घट्ट होते."

"मंग तुमची माय तूप खाऊन एवढी म्हातारी कशी झाली?"

"माय शिकली नव्हती."

बरं झालं नव्हती शिकली, असं भागिरथाच्या मनात आलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. भावाची पँट पाहूनच ग्यानबाची वाचा बसायची.

"शिकेल हाये तो. आयक त्याचं," तो म्हणाला.

कोंड्याचे रोडगे निघाले ते गोवरीहून कडक. वांगी अशी झाली, की म्हशीनेही तोंड फिरवावं.

पंगत बसली. देवमनरावांनी जोर लावून रोडगा फोडला. ग्यानबा सवयीने बोलून गेला, "तूप येऊ द्या?"

"नको नको," म्हणत देवमनरावांनी रीतीप्रमाणे ताटावर आडवा हात धरला. हा पहिला हात खोटा असतो. तो सारून तूप ओतायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पंजाबराव मात्र हरखला.

"पाहा! पाहुणेच नाई म्हणून राह्यले. समजदार लोक हायेत!"

हात तसाच राहिला. तो सारायला कोणी उठलं नाही. ग्यानबा ताटातल्या मिठाकडे पाहत बसला. शेवटी देवमनरावांनी हात मागे घेतला आणि भावाला विचारलं, "नथ्थू, यष्टी किती वाजता हाये रे?"

दाराआड अंजनाने तोंडात पदर कोंबला.

पुरुषांच्या पंगतीत बायका येत नसत. पण भागिरथा डोक्यावरून पदर घेऊन कढत तुपाचं भांडं घेऊन थेट पाहुण्यांसमोर उभी राहिली. देवमनरावांचा हात पुन्हा आडवा झाला.

"हात काढा, पाहुणे, नाईतर बोटं भाजतीन."

हात निघाला. तुपाची धार पडली.

"बस, बस!"

"बस मी म्हनीन तवा."

रोडगा तुपात बुडाला. देवमनराव हसले, बोटं चाटली आणि म्हणाले, "ग्यानबा, तारीख काढा. अन् पंगतीत वाढायले तुमच्या भावाले ठेवू नका."

पंजाबरावच्या घशात कोंडा अडकला होता. खोकत खोकत त्याने आपलं ताट हळूच पुढे सरकवलं.

"तुमाले नाई, भाऊजी," भागिरथा म्हणाली. "रगत घट्ट होईन."

आणि ती नथ्थूकडे वळली.