एकतीस आणि अठ्ठावन्न

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. पोस्टाच्या मागच्या अंगणात सिमेंटच्या ठेंगण्या कट्ट्यावर मी उभा असतो. वर नरसाळे, आत बाटली. पडलेला पाऊस नरसाळ्यातून बाटलीत उतरतो आणि रोज सकाळी साडेआठला काचेच्या मोजपात्रात ओतून मोजला जातो. मला खोटे बोलताच येत नाही, असे मला अगदी परवापर्यंत वाटत होते.

जस्ताच्या पत्र्यापासून मला घडवले, तेव्हा कारखान्यातल्या तपासनिसाने माझी कड तीनदा मोजली होती. केसाएवढाही फरक चालणार नाही, अशी त्याने कारागिराला तंबी दिली होती. पुढे मी इथे आलो आणि पोस्टमास्तरांच्या स्वाधीन झालो. त्यांचे केस तेव्हा काळेभोर होते. अंगात ताप असो की घरात पाहुणे, साडेआठला छत्री घेऊन ते हजर. माझा आकडा ते फोनवरून खाली धरणावर कळवत. नदीला किती पाणी येईल आणि किती दरवाजे उघडायचे, याचा हिशेब तिथे त्यावरून होई. एकदा शाळेच्या बाई अख्खा वर्ग घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "या डब्याच्या शब्दावर धरण चालतं बरं का." त्या दिवशी मी मनातल्या मनात फुगलो होतो.

माझी हेळसांड झाली, असे मी म्हणणार नाही. नरसाळे रोज पुसले जाई. पण कुंपणाच्या भिंतीलगत, वारा येतो त्याच अंगाला, एक रोपटे उगवले होते. ते वाढले. एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी, झाड तोडा, तिरपा पाऊस अडतो, असा शेरा लिहिला. पावसाळा सरला की तोडतो, असे पोस्टमास्तरांनी सांगितले. पावसाळा सरला आणि ऊन तापले, तेव्हा रांगेतली माणसे त्याच्या सावलीला उभी राहू लागली. गोष्ट राहून गेली. ते साहेब निवृत्त झाले. पुढे तपासायला कोणी फिरकलेच नाही. झाड पोस्टाच्या छपराच्या वर गेले.

यंदा तो महिना आला. सलग सव्वीस दिवस पाऊस. जमीन पाणी पिऊन पिऊन तुडुंब झाली, धरण काठोकाठ आले. वरच्या खोऱ्यात माझ्यासारखे आणखी दोघे होते. एकाकडे जाणारा रस्ता वाहून गेला होता, दुसऱ्याची नोंद घेणारा माणूस दवाखान्यात होता. उरलो मी एकटा. सत्ताविसाव्या सकाळी माझ्या बाटलीत चौऱ्याण्णव मिलिमीटर भरले. धरणावरच्या अभियंता बाईंनी त्यावर हिशेब मांडला आणि दोनच दरवाजे उघडे ठेवले.

दुपारी फोन खणखणू लागला. पाणी तासाला वीतभर चढत होते. आकडा नीट पाहिलात ना, असे बाईंनी तीनदा विचारले. पोस्टमास्तरांनी तीनदा हो म्हटले, आणि ते खरेच होते. तीन वाजता नऊच्या नऊ दरवाजे उघडावे लागले. खालच्या शहरातल्या नदीकाठच्या गल्लीला घर सोडायला पाऊण तासही मिळाला नाही.

त्याच गल्लीत पोस्टमास्तरांच्या लेकीचे शिवणकामाचे दुकान होते. तिचा फोन लागेना. ते माझ्या कट्ट्याशेजारी भिजत बसून राहिले. दिवस कलताना फोन आला. लेक, जावई, सगळे सुखरूप होते. शेजारचे घड्याळजी मात्र गेले होते. बाहेर पडलेला माणूस गिऱ्हाइकांची घड्याळे आणायला परत दुकानात शिरला होता.

तिसऱ्या दिवशी लेक माहेरी आली. सोबत घड्याळजींच्या बायकोला घेऊन आली, कारण त्या बाईंच्या घरात कमरेएवढा चिखल होता आणि जवळचे कोणी नव्हते. पोस्टमास्तरांनी त्यांना आतली खोली दिली.

मग अभियंता बाई आल्या. एवढे पाणी कुठून आले, याचा ताळमेळ त्यांना लागत नव्हता. अंगणात पाऊल टाकताच त्या झाडाकडे पाहत थांबल्या. त्यांनी गाडीतून नवा पर्जन्यमापक काढला आणि समोरच्या मोकळ्या मैदानात उभा केला. दुसऱ्या दिवशी साडेआठला दोन्ही बाटल्या मोजल्या. माझ्यात एकतीस. त्याच्यात अठ्ठावन्न.

पोस्टमास्तरांनी मोजपात्र कट्ट्यावर ठेवले. माझी कड शाबूत होती, बाटली स्वच्छ होती, आणि तरीही मी वर्षानुवर्षे निम्माच पाऊस सांगत आलो होतो.

"असं किती वर्षं चाललंय?" बाईंनी विचारले.

"आठ-नऊ तरी."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," पोस्टमास्तर म्हणाले.

बाईंनी दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले. "धरणापासून इथवर तासाचा रस्ता आहे," त्या म्हणाल्या. "चार वर्षांत मी एकदाही आले नाही."

त्या गेल्यावर लेकीने वडिलांना विनवले की काकूंना एवढ्यात काही सांगू नका. पोस्टमास्तरांनी ऐकले नाही. माझ्या घरात जेवतात त्या, असे म्हणून ते आत गेले आणि त्यांना अंगणात घेऊन आले. झाड, शेरा, राहून गेलेले काम, दोन आकडे, सारे त्यांनी सांगितले. काही लपवले नाही, कोणावर ढकलले नाही.

घड्याळजींच्या बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग त्या माझ्याजवळ आल्या. बोटे पसरून त्यांनी हात माझ्या तोंडावर ठेवला. नरसाळे जवळजवळ पूर्ण झाकले गेले.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या. "यावर ठरलं सगळं?"

"हो, यावरच," पोस्टमास्तर म्हणाले.

मित्रांनो, मोजणारी वस्तू पुसून लख्ख ठेवाल, तेव्हा दोन पावले मागे सरून तिच्या आजूबाजूलाही पाहा. जे आपल्या डोळ्यांसमोर हळूहळू वाढते, ते आपल्याला दिसेनासे होते. आणि कोणी काही दाखवून दिले, तर त्याच दिवशी उठा. माझी एवढीच विनवणी आहे. तो हात अजून माझ्या तोंडावर आहे, असे मला वाटत राहते.