पाटीवरचं घर

त्या बुधवारी सत्याप्पा आणि त्यांची एकुलती लेक रुक्मिणी यांचं वाजलं ते एका ॲल्युमिनियमच्या पाटीवरून. बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्यांच्या शेडमध्ये ट्रकच्या बॅटऱ्यांचे मोठे चार्जर बनत, आणि प्रत्येकावर सत्याप्पा पाटी ठोकून घेत: घर, दुकान, कारखाना.

"आप्पा, हे धूड उचलायला चार गडी लागतात. कुणाच्या घरात जाणार?"

"न जाऊंदे. पर पाटी बघून गिऱ्हाईक माघारी वळू नये गं. लई शिकलीस, पर दुकान न्हाय मांडलंस कधी."

चहा झाला, विषय तिथंच राहिला आणि दोघं येळ्ळूरच्या बसनं घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात जाताजाता सत्याप्पा कोसळले ते उठलेच नाहीत.

दिवसकार्य उरकेपर्यंत सत्याप्पांचे धाकटे भाऊ भरमूकाका यांनी शेडला गिऱ्हाईक बघून ठेवलं. "सत्याप्पानं घेतलेली परदेशी ऑर्डर तपासणीत पास झाली तर बघू. न्हाय झाली तर विकून मोकळं व्हायचं. पोरीनं किती दिस लोखंडात हात घालायचा?"

"तुला काय पाहिजे ते बोल," आई म्हणाली. रुक्मिणी शेण काढायला उठली. इंजिनिअर झाल्यापासून ती बापाच्या हाताखाली होती; पुढं शेड कुणी चालवायची, हे बापलेकीत कधी निघालंच नव्हतं. त्या दिवसांत तिनं त्या ऑर्डरला लागू असलेल्या परदेशी मानकाचं, म्हणजे नियमांचं, पुस्तक तेवढं ओळ न् ओळ वाचून काढलं.

ऑर्डर तपासायला पुण्याहून निरीक्षक आले. मापं झाली. चार्जर वीज सरळ लाटेनं घेत नाही, तिचे लचके तोडतो. त्यातून हार्मोनिक करंट, म्हणजे वेडावाकडा प्रवाह, तारेत परत शिरतो आणि शेजाऱ्यांची यंत्रं कुरकुरू लागतात. तो किती चालेल, याची मर्यादा मानकात होती.

"जास्त आहे. नापास," निरीक्षक म्हणाले.

"कुठल्या मर्यादेनं?"

"घरगुती उपकरणांच्या. तुमच्याच पाटीवर घर लिहिलंय, बाई."

"जागा असती तर आप्पांनी देऊळ बी लिहिलं असतं," वाइंडिंग करणारा मष्णू पुटपुटला.

रुक्मिणीनं पुस्तक उघडलं. "व्यावसायिक उपकरणाची व्याख्या बघा. धंद्यात, कारखान्यात वापरायचं, सर्वसामान्य ग्राहकाला न विकायचं. त्याला ही घरगुती मर्यादा लागत नाही. वीज पुरवणाऱ्याची संमती घेऊन जोडायचं."

"व्याख्या मान्य. पण उपकरण कुठल्या वर्गातलं, हे उत्पादकानं जाहीर करायचं असतं. तुम्ही घर जाहीर केलंय."

"मग पाटी चुकीची आहे, साहेब. आजवर एक चार्जर घरात गेलेला नाही. निपाणीची ट्रक गॅरेजं, डेपो, इथल्या ओतकामाच्या फौंड्र्या. बिलं तपासा. ही ऑर्डरसुद्धा गॅरेजांचीच आहे."

निरीक्षकांनी बिलं सावकाश तपासली. ऑर्डरही पुन्हा वाचली. चष्मा काढून पुसला.

"अर्थ बरोबर लावलात. पण पाटी बदलायची तर उत्पादकाची सही हवी. उत्पादक कोण?"

सगळ्यांनी भरमूकाकांकडं बघितलं. काका टोपी सारखी करू लागले.

"मी," रुक्मिणी म्हणाली.

तिनं लिहून दिलं: फक्त व्यावसायिक वापरासाठी. सर्वसामान्य ग्राहकांस विक्री नाही. जोडण्यापूर्वी वीजपुरवठादाराची संमती आवश्यक. खाली सही केली. मष्णूनं जुनी पाटी छिन्नीनं उपटली.

"घरात विकलात तर माझा शिक्का धरू नका," असं बजावत निरीक्षकांनी ऑर्डर पास केली.

"मग मी त्या गिऱ्हाइकाला काय सांगू?" काकांनी विचारलं.

"शेड विकायची न्हाय म्हणून सांगा."

"आन् चालवणार कोण?"

"आत्ता सही कुणी केली, काका?" मष्णू म्हणाला. गडी हसले. काकाही हसले, जरा उशिरानं.

सगळे भाकरी खायला बाहेर गेले. आत चार्जर घुमत होता. रुक्मिणी त्याच्याजवळ उभी राहिली आणि दाराबाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"आप्पा, मला हेच पाहिजे होतं. पहिल्यापास्नं."