झडपेचं माप

“ढकला, मावशी, ढकला! लाजू नका.”

मावशींनी छत्रीचा दांडा माझ्या बुटांना लावून वर रेटलं. माझे पाय लिफ्टच्या आत, डोकं छतावर आणि पोट छतातल्या झडपेत घट्ट. लिफ्टमध्ये अडकलेल्या मावशींना सोडवायला गेलो आणि मीच अडकलो. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, अशी शोभा कधी झाली नव्हती.

“अहो, मला सोडवायला आलात की सोबतीला?” मावशी खालून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सुनावलं, “महिनाभरात झडपेतून जाऊन दाखव. नाहीतर फोनवर बस.” म्हणजे लिफ्ट बंद पडली म्हणून ओरडणाऱ्यांना दिवसभर ‘माणूस निघालाय’ म्हणायचं. तो निघालेला माणूस आजवर मी होतो हो!

डॉक्टर म्हणाले, “रोज तासभर चाला.” तास? कुणाचा? बायको नर्स. ती ड्युटीवरून आत येते तेव्हा मी बाहेर पडतो. आमचा संसार उंबऱ्यावर चालतो, तोही ‘दुधाकडे बघ’ एवढ्या बोलण्यात. लेकीचा डबा मी भरतो, वेणी मी घालतो, आणि डब्यात उरलेलं संध्याकाळी मीच संपवतो. अन्न टाकवत नाही. पोट काय उगाच सुटलं?

शेवटी लेकीनंच उपाय काढला. वय वर्षं नऊ, जीभ चाळीसची. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला, मी दिलेल्या मापाचं भोक कापलं आणि स्वयंपाकघराच्या दारात टांगलं.

“रोज सकाळी यातून जायचं, बाबा. वेळ लागत नाही.”

पहिल्याच सकाळी कमरेशी अडकलो. मागे दूध उतू गेलं. लेक खुदकन हसली आणि मी खेकसलो, “दात काय काढतेस? दप्तर भर!” तिचं तोंड एवढंसं झालं.

मग मात्र चमत्कार झाला. दुसऱ्या आठवड्यात पुठ्ठा नुसता घासायला लागला. तिसऱ्यात मी सुळकन आरपार! पट्टा अजून त्याच भोकात बसत होता, पण म्हटलं, जुना आहे, आखडला असेल. मनासारखं असलं की माणसाला काहीही पटतं. त्या आनंदात उरलेला डबा संपवणंही पुन्हा सुरू केलं.

महिना भरला. गोदामात जुनी लिफ्ट उभी होती, भोवती सगळे जमले. मी ऐटीत छतावर चढलो, पाय सोडले आणि अडकलो. तिथेच. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

“सोमवारपासून फोन,” साहेब हळूच म्हणाले.

हत्यारांची पिशवी बावीस वर्षांत पहिल्यांदा घरी आणली. लेकीनं पाहिली.

“ही घरी का, बाबा?”

“आता लागणार नाही.”

ती आत गेली आणि कंपासपेटी घेऊन आली. आत पट्टी नव्हती, पेन्सिल नव्हती. पुठ्ठ्याच्या बारीक कापट्या होत्या, नीट रचून ठेवलेल्या.

“मी रोज थोडं थोडं कापायचे.”

डोक्यात तिडीक गेली. माझं काम गेलं, आणि घरच्याच पोरीनं माझा पोपट केला!

“का गं?”

“तू अडकलास की चिडतोस,” ती रडत म्हणाली. “निघालास की माझी वेणी घालताना शीळ घालतोस.”

मी शीळ घालतो, हे मला माहीतच नव्हतं. तिला जवळ घेतलं. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू?

रविवारभर बसून तिनं एकेक कापटी डिंकानं परत चिकटवली. मी पिशवी दारामागच्या खिळ्याला, हाताशी येईल अशी अडकवली.

सोमवारी सकाळी, फोनवर बसायला जाण्याआधी, पुठ्ठ्याच्या भोकात शिरलो. कमरेशी अडकलो. मागे दूध उतू गेलं. लेक जागची हलली नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच पुढे आली आणि पुठ्ठ्याबाहेर आलेल्या पोटावर बोटं ठेवून मोजायला लागली.

“चार बोटं जास्त आहे, बाबा.”

“चार तर चार,” मी म्हटलं. “पण ती कात्री इकडे दे.”

तिनं कात्री दिली आणि पाठ करून वेणीसाठी उभी राहिली. मी तसाच, अडकलेल्या अवस्थेत, तिचे केस हातात घेतले आणि शीळ घालायला लागलो.