मीनाचा डावा हात

उत्तराताई स्वतः कधी बास्केटबॉल खेळल्या नाहीत. उंची चार फूट अकरा इंच, आणि शाळेत असताना मैदानावर मुलींना बोलावतच नसत. पण महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरीला लागल्या त्या वर्षी मैत्रिणीसोबत एक सामना बघायला गेल्या आणि तिथेच अडकल्या. बघता बघता गुण लिहिणाऱ्या स्कोअररची परीक्षा दिली. तेव्हापासून नाशिकच्या जवळपास प्रत्येक स्पर्धेत टेबलावर त्या असायच्याच. चौतीस वर्षं झाली. नोकरीतून निवृत्त होऊनही तीन वर्षं झाली होती.

सकाळी चहाबरोबर त्या फोनवर अमेरिकेतले सामने बघायच्या. सात फूट चार इंचांचा तो वेम्बान्यामा छोट्या चणीच्या गार्डसारखा चेंडू टप्पे देत नेतो, हे बघून त्यांचा चहा गार व्हायचा. जॉर्डनने एक्याण्णवच्या फायनलमध्ये हवेतच चेंडू उजव्या हातातून डाव्यात घेतला, ते त्यांनी पुढे व्हिडिओ कॅसेटवर पाहिलं होतं, आणि ती कॅसेट घासून खराब होईपर्यंत पाहिलं होतं.

पण त्यांच्या मनातली सगळ्यात मोठी खेळाडू नाशिकचीच होती. स्नेहल. नव्वदच्या दशकात महाराष्ट्राकडून खेळलेली. ती एकीकडे बघायची आणि चेंडू भलतीकडे द्यायची. ज्या मुलीला पास मिळायचा तिलाही तो हातात आल्यावरच कळायचा. गुडघा गेला आणि सव्विसाव्या वर्षी तिचा खेळ संपला. आता ती बँकेत होती, आणि उत्तराताईंची जिवलग मैत्रीण. मैदानावर यायचं टाळायची. "दुसऱ्यांचा खेळ बघून गुडघा दुखतो माझा," म्हणायची.

यंदा जानेवारीत जिल्हा स्पर्धेच्या फायनलला हरसूल गावच्या शाळेच्या मुली आल्या. पहिल्यांदाच. समोर गंगापूर रोडचा क्लब, दर वर्षी जिंकणारा. त्यांचे कोच रविराज स्वतः राज्य पातळीवर खेळलेले. हरसूलच्या मुलींचे बूटही एकसारखे नव्हते. पण त्यांच्यात एक मीना होती. सोळा वर्षांची, काटकुळी, लांब हातांची.

पहिल्या पाच मिनिटांतच उत्तराताई शेजारच्या हनीफभाईंना म्हणाल्या, "हिच्याकडे बघा."

हनीफभाई स्कोअरबोर्ड चालवायचे. उत्तराताईंनी शीटवर गुण लिहून सांगितले की ते बोर्डावर आकडा बदलत. "बघतोय, ताई," ते म्हणाले. "पण तुम्ही शीटकडे बघा."

हरसूलच्या मुली मागे पडल्या, जवळ आल्या, पुन्हा मागे पडल्या. शेवटच्या मिनिटाला क्लब एक्कावन्न, हरसूल पन्नास. घड्याळात एकतीस सेकंद उरलेले असताना मीनाने क्लबच्या मुलीच्या हातातून चेंडू काढला आणि धावत सुटली. बास्केटजवळ क्लबची उंच आभा आडवी आली. मीना उजव्या हाताने चेंडू टाकायला उडाली, आभाचा पंजा वर आला, आणि मीनाने हवेतच चेंडू डाव्या हातात घेऊन पलीकडून बोर्डाला लावला. आत.

उत्तराताई उभ्या राहिल्या. दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवू लागल्या. मैदानाच्या कडेला बसलेले दोनशे लोकही तेच करत होते. पण टेबलावर बसणाऱ्याने असं करायचं नसतं. हे लक्षात येताच त्या ओशाळून खाली बसल्या. तोवर खेळ पुन्हा सुरू झाला होता.

बोर्डावर अजून क्लब पुढे दिसत होता. म्हणून क्लबच्या मुली घाई न करता चेंडू आपापसांत फिरवत राहिल्या. हरसूलच्या एका मुलीचा हात लागून चेंडू बाहेर गेला तेव्हा अकरा सेकंद उरले होते.

उत्तराताईंनी शीटकडे पाहिलं. हरसूलच्या रकान्यात शेवटची खूण पन्नासवर होती.  त्यांनी हनीफभाईंना बझर दाबायला सांगितला.

रेफरी धनराज टेबलाजवळ आले. "काय झालं, ताई?"

"मीनाचा बास्केट लिहायचा राहिला. हरसूल बावन्न आहे."

रविराज धावतच आले. "राहिला म्हणजे? बोर्डावर विसंबून आम्ही पंधरा सेकंद घालवले. आणि ताई, तुम्ही टाळ्या वाजवत होतात. सगळ्यांनी पाहिलंय."

"वाजवत होते," उत्तराताई म्हणाल्या. "म्हणूनच राहिला. चूक माझी आहे, त्या मुलींची नाही. तुमचीही नाही."

धनराजांनी दुसऱ्या रेफरीला विचारलं. बास्केट दोघांनीही मोजला होता. त्यांनी दोन्ही कोचना जवळ बोलावलं. "हरसूल बावन्न, क्लब एक्कावन्न. चेंडू क्लबचा. अकरा सेकंद. खेळा."

या वेळी उत्तराताई शीटवर पेन टेकवून बसल्या. आभाने दोघींना चुकवून चेंडू आत टाकला. क्लब त्रेपन्न. तीन सेकंद उरले. मीनाने अर्ध्या मैदानावरून चेंडू फेकला, तो रिंगवर आदळला, वर उडाला आणि बाहेर पडला.

क्लब जिंकला. उत्तराताईंनी सगळं नीट लिहिलं, सही केली.

धनराज म्हणाले, "टाळ्यांचं लेखी द्यावं लागेल, ताई. पुढच्या स्पर्धेला बहुतेक तुम्हाला टेबल मिळणार नाही."

"देते," त्या म्हणाल्या, आणि तिथेच फोन काढून स्नेहलला लावला. 

"स्नेहल, एक मुलगी आहे."

"दर दोन वर्षांनी तुला एक सापडते."

"हिने हवेत हात बदलला. क्लबची उंच आभा समोर असताना. मी उभी राहिले, स्नेहल. टेबलावर. गुण लिहायला विसरले."

 उत्तराताई टेबलावर एक गुणही चुकवत नाहीत हे स्नेहलला चांगलं माहीत होतं. "तू विसरलीस?" तिने विचारलं. "थांबव तिला. मी आले."

दहा मिनिटांत स्कूटर आली. हरसूलच्या मुली बॅगा भरून एसटी स्टँडला निघायच्या तयारीत होत्या. स्नेहल किंचित लंगडत मैदानात आली आणि मीनाला म्हणाली, "ते पुन्हा करून दाखव."

मीना लाजली. "नाय जमायचं, बाई. आपोआप झालं ते."

"बरं. तू हवेत होतीस तेव्हा डाव्या कोपऱ्यात तुमच्यातली एक मुलगी मोकळी असणार. दिसली?"

मीनाने मान हलवली. "नाय."

"होतीच मी तिथं," मागून एक बुटकी मुलगी म्हणाली. "हाका पन मारल्या."

स्नेहलने चेंडू घेतला. उत्तराताईंनी पंचवीस वर्षांनी तिच्या हातात चेंडू पाहिला. तिने बास्केटकडे पाहिलं, खांदाही तिकडेच वळवला, आणि चेंडू थेट त्या बुटक्या मुलीच्या छातीशी गेला. मुलगी दचकली, पण तिने तो झेलला. बाकीच्या मुलींनी बॅगा खाली ठेवल्या.

बुटकी मुलगी डाव्या कोपऱ्यात उभी राहिली आणि मीनाने तीनदा तसा पास करून बघितला. पहिला पास कुंपणावर गेला. दुसऱ्या वेळी तिची नजर आधीच कोपऱ्याकडे वळली. "बघायचं नाही," स्नेहल म्हणाली. "ती तिथे आहे हे तुला माहीत आहे. विश्वास ठेव." तिसऱ्या वेळी मीना बास्केटकडे बघत उडाली आणि चेंडू अगदी बरोबर जागी गेला.

स्नेहल हसली. "शनिवारी येशील?"

"हरसूलहून?" मीनाने शाळेतून संघाबरोबर आलेल्या बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सकाळच्या गाडीने पाठवते. नाही, मी स्वतःच घेऊन येते."

उत्तराताई मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पायरीवर बसल्या होत्या. हनीफभाई वायर गुंडाळत म्हणाले, "साडेतीनची बस गेली असेल यांची."

"पुढची पाचला आहे," उत्तराताई म्हणाल्या, आणि मुलींसाठी वडापाव सांगायला उठल्या.